गाठोड्यातली बाळंतीण

चन्नम्मा बसायची ती उठण्यासाठीच. जेवतानाही तिचा एक डोळा चुलीवर, एक दारावर. कल्याणप्पाशी लग्न होऊन ती आळंदहून उमरग्याला आली, तेव्हा चार दिवसांतच सासू म्हणाली होती, पोरीच्या पायाला भिंगरी बांधूनच धाडलीय. सासू गेली. भिंगरी राहिली.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मात्र सगळी गल्लीच चन्नम्मासारखी झाली. निजामाचं राज्य अजून होतं, पण ते किती दिवस टिकेल आणि जाता जाता काय करेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आज अमक्या गावात रझाकार शिरले, काल तमकं गाव पेटलं, असं रोज कानावर यायचं. खरं किती, खोटं किती, कुणाला विचारायचं? घरोघरी दाराआड एक गाठोडं बांधून ठेवलेलं. वेळ आली की उचलायचं आणि हद्दीपलीकडं निघायचं. पण तसं उघड निघता यायचं नाही. म्हणून लोक लग्नाला निघायचे. बायका ठेवणीतली लुगडी नेसायच्या, बैलांवर झुली चढायच्या, मांडीवर नारळाचं ताट असायचं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं हटकलं की सांगायचं, भाचीचं लग्न आहे पल्याड. त्या वैशाखात गल्लीतल्या कितीतरी भाच्या उजवल्या गेल्या. शेजारचा गुंडाप्पा असाच सहकुटुंब लग्नाला गेला, दाराला कुलूप घालून. परत कुणी आलं नाही.

चन्नम्माचं गाठोडं गल्लीत सगळ्यांत आधी बांधलं गेलं आणि सगळ्यांत जास्त वेळा सुटलं. एक लुगडं घालायची, दुसरं काढायची. हळदीची पुडी आत ठेवायची, मग डाग पडेल म्हणून बाहेर घ्यायची. गाठ कधी पक्की बसलीच नाही. त्या ढिल्या गाठीतून एका सकाळी घरची मांजरी आत शिरली आणि दुपारपर्यंत वाकळेत व्याली.

मांजरी करडी होती, एक कान फाटलेली. चन्नम्माच्या माहेरी कानडी, आणि कानडीत मांजराला बेक्कू म्हणतात, म्हणून हिचंही नाव बेक्कूच. वाकळेच्या घडीत तिची चार पिलं एकमेकांवर रचून ठेवल्यासारखी पडली होती. मिटल्या डोळ्यांची, ओलसर.

कल्याणप्पानं वाकून पाहिलं. तो भुसारमालाचा व्यापारी होता. घाई करायची नाही हा त्याचा धंद्यातला नियम, पण आता त्याचाही धीर सुटत चालला होता.

"टोपलीत घाल त्यांना. गाठोडं मोकळं कर. धोंडीबाला गाडी सांगितलीय."

"बाळंतिणीला हलवत न्हाईत," चन्नम्मा म्हणाली.

"अगं, मांजर हाय ते!"

"मग? मांजराला कळा येत न्हाईत व्हय?"

कल्याणप्पा दुकानात गेला. चन्नम्मानं गाठोड्यापुढं गोणपाटाचा आडोसा केला, अंधार हवा म्हणून. कोमट दुधात भाकरी कुस्करून, वर चमचाभर तूप सोडून ती बेक्कूपुढं ठेवायची. बाहेरून कुणी आलं की पाय धुतल्याशिवाय त्या कोपऱ्याकडं फिरकू द्यायची नाही. आणि दर घटकेला गोणपाट बाजूला करून बघायची. पिलं पीत असली तरी बघायची, झोपली असली तरी बघायची. बेक्कू मान वर करून तिच्याकडं रोखून पाही.

समोरच्या घरातली सारजाबाई हे पाहायला रोज यायची. म्हातारी, एकटी. ती कुठंच जाणार नव्हती. "माझं काय लुटतील? दात बी न्हाईत तोंडात," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

"डिंकाचे लाडू केलेस का न्हाई बाळंतिणीला?" सारजाबाईनं विचारलं.

"आत्या, थट्टा करू नका. दूध येतंय का न्हाई तिला, तेवढं बघा."

"येतंय की. पर तू जरा दमानं घे. तुझ्या बघण्यानंच आटंल तिचं दूध."

पाचव्या दिवशी चन्नम्मा पहाटेच न्हाली. तिच्या लिंगायत घरात मूल जन्मलं की कपाळाला विभूती लावत, गळ्यात लिंग बांधत. पाचवीला ओव्याची धुरी देत. तिच्या स्वतःच्या दोन बाळंतपणांत पाचवीपर्यंत वेळ आलीच नव्हती. ते ती कधी बोलली नाही. गल्लीतही कुणी विषय काढत नसे.

तिनं शेगडीत निखारे घेतले, त्यावर ओवा टाकला आणि शेगडी गोणपाटाआड सरकवली. मग एकेक पिलू तळहातावर घेऊन त्याच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. पिलाचं कपाळ ते केवढं! तिन्ही बोटं मावेनात. सगळं डोकंच पांढरं झालं.

दारात उभ्या सारजाबाईनं कपाळावर हात मारला. "आता लिंग बी बांधशील व्हय गं त्यांना?"

चन्नम्मा हसली. त्या उन्हाळ्यात ती हसल्याचं सारजाबाईनं तेवढं एकदाच पाहिलं.

बेक्कू मात्र धुरानं शिंकत बाहेर आली. तिनं परत जाऊन पिलं हुंगली, चाटली, पुन्हा हुंगली. आणि पहिलं पिलू मानेला धरून उचललं.

चन्नम्माला वाटलं, जागा बदलते आहे. पण बेक्कू जिन्यानं माळवदावर गेली. माळवदाला माळवद लागलेलं. ती गुंडाप्पाच्या छतावर उतरली. त्याच्या छताला उजेडासाठी ठेवलेलं साणं होतं, त्या भोकातून पिलासकट आत गेली. परत आली. दुसरं नेलं. तिसरं नेलं.

"आत्या, ती नेतीय ओ! त्या कुलपाच्या घरात कोण बघंल त्यांना?"

"सात घरं फिरवती मांजर. आपण काय करणार?"

चन्नम्मानं काय करायचं ते केलं. चौथं पिलू उचललं, पदरात घेतलं आणि दार लावून घेतलं. एक इथं असलं तर आई बाकीच्यांना घेऊन परत येईल, असा तिचा हिशेब. बेक्कू आली. दाराबाहेर ओरडू लागली. चन्नम्मा आतून म्हणत होती, "बा, बेक्कू, बा. ये गं. त्यांना बी घेऊन ये." मांजरी दारावर नखं ओढत राहिली. पदरातलं पिलू आईचा आवाज ऐकून वळवळत होतं, तोंड उघडत होतं. चन्नम्मानं कापडाची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडाला लावली. त्यानं ती बाहेर ढकलली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धोंडीबानं गाडी दारात आणली. त्या उन्हात रस्त्यावर कुणी नसतं, म्हणून दुपारच धरलेली. बैलांवर झुली होत्या, गळ्यात घुंगुरमाळा. कल्याणप्पा जरीचा पटका बांधून आला. चन्नम्मा ठेवणीतल्या लुगड्यात उभी होती. गाठोडं पायाशी होतं आणि पदर हलत होता.

"हे काय?"

"कालपासून घोटभर बी प्यालं न्हाई. मी घेते मांडीवर. गप राहील."

"नाक्यावर म्यांव केलं म्हंजे? लग्नाला कुणी मांजर नेतं का? आणि हे सोंग उघडं पडलं तर मागं गल्लीत राहिलेत त्यांनी कोणत्या तोंडानं लग्नाला निघायचं उद्या?"

चन्नम्मानं वर पाहिलं. माळवदाच्या कडेला बेक्कू उभी होती. तिचा आवाज बसला होता. तोंड उघडत होतं, नुसतीच हवा येत होती.

सारजाबाई जवळ आली. आज तिनं थट्टा केली नाही. "चन्नम्मा, तिचं लेकरू तिला दे. उपाशी मरंल ते तुझ्या पदरात."

"आन् तिथं? आत्या, तिथं कोण हाय?"

"आई हाय."

चन्नम्मानं पदरात वाकून बघितलं. मग ती घरात गेली. तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक भिजवून तिनं पिलाचं डोकं पुसलं. विभूती सुटेना, केसांत बसली होती. ती पुसतच राहिली. बाहेरून कल्याणप्पाची हाक आली, मग धोंडीबाची. शेवटी तिनं पिलू जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलं आणि मागं न बघता येऊन गाडीत बसली.

"आत्या, भाकरी कुस्करून साण्यातून टाकाल ना रोज?"

"टाकीन की. जा आता."

"दुधातली हो."

"व्हय, व्हय. तूप बी घालते वरून!"

बेक्कू जिन्याकडं येईना. गाडीकडं बघत तिथंच थांबलेली. बैलांनी माना हलवल्या की ती दचकायची.

"धोंडीबा, घुंगुरमाळा काढा."

"आक्का, लग्नाची गाडी हाय. मुकी कशी न्यायची?"

"काढा म्हणते ना!"

धोंडीबानं कल्याणप्पाकडं पाहिलं. कल्याणप्पानं डोळे मिटून मान हलवली. माळा निघाल्या. गाडी हळूच सुटली. चन्नम्माच्या मांडीवर नारळाचं ताट होतं, पण तिचे हात अजून पदराची ओंजळ धरून होते. गाडी वळणाशी आली. त्यापुढं घर दिसणार नव्हतं. ती पाठमोरी बसली होती आणि तिला मान वळवायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात मागून, आपल्या माळवदावरून, सारजाबाईचा बोळका आवाज सगळ्या गल्लीवर फुटला.

"नेलं गं! चन्नम्मा, नेलं! साण्यातून आत नेलं!"

"अगं म्हातारे, हळू!" कल्याणप्पा दातांतून म्हणाला आणि पटका सावरत इकडंतिकडं बघू लागला. कुठलीच खिडकी उघडली नाही. धोंडीबानं बैलांच्या शेपट्या पिळल्या.

चन्नम्मानं ताट बाजूला ठेवलं. गाठोडं पुढं ओढलं आणि गाठ सोडायला घेतली.

"आता काय राहिलं?" कल्याणप्पानं विचारलं.

"बघते," ती म्हणाली.