भूमेश्वरीच्या चकरा

आमची भूमेश्वरी म्हणजे माह्या नणदेची पोर. कम्प्युटर शिकून पास झाली तवा नणद गावभर पेढे वाटत फिरली. आता ती पोर गोंदियाजवळच्या एका राईस मिलमधे कम्प्युटर सांभाळते आन् मी तिथंच पोत्यायले टाके मारते. पगारात फरक आहे, गुडघ्यायत नाई. दोघींचेही गेले.

मिलच्या मागच्या शेडात धान वाळवाचा ड्रायर, पुढच्यात कोठी. दोन्हीकडं एकेक कम्प्युटर, मधात तार. कोठी भरली का ड्रायरनं धान सोडणं थांबवाले पायजे. पण त्याले सांगन कोण? भूमेश्वरी. कोठीपासून उठाचं, ड्रायरपर्यंत दोनशे पावलं चालाचं, बटन दाबाचं, परत याचं. दिवसाच्या तीस चकरा. चाळिशीची बाई, पाय सुजून भोपळे.

"काऊन वं, येवढी शिकली आन् डाकिया झाली?"

"प्रोग्राम लिहून राहिली ना, मामी." आवाजात जीवच नाई.

लिहिला, सी भाषेत. ड्रायरच्या कम्प्युटरवर जो प्रोग्राम धान सोडते त्याले मशीननं देलेला नंबर पाहून आली, चोवीसशे तेरा. कोठीच्या कम्प्युटरवरून त्याच नंबराले 'बंद हो' असा सिग्नल सोडला. ड्रायर चालूच. बंद पडला तो कोठीचं वजन मोजणारा प्रोग्राम! कोठी उतू गेली, घोट्याइतकं धान. झाडलं कोणं? मी.

"तो नंबर ह्या मशीनवर दुसऱ्याच प्रोग्रामचा होता, मामी. सिग्नल आपल्याच मशीनीत फिरते, बाहेर जात नाई."

"अवं पोरी, चाळीस नंबरचं घर देवरीतही आहे, सालेकशातही आहे. गाव नाई सांगितलं तर पावणा कोणाच्याही घरात घुसन!"

हसलीही नाई.

मिलचे मालक छोटेलाल शेट म्हणाले, "शनिवार तक देखता हूँ. नहीं तो तू पैदलच ठीक है."

मग तिनं ड्रायरच्या कम्प्युटरवर नुसता ऐकत बसणारा एक प्रोग्राम ठेवला. कोठीकडून तारेवर निरोप आला का तो आपल्याच मशीनीतल्या धान सोडणाऱ्याले सिग्नल देते, आन् 'थांबला' म्हणून उलटा निरोप धाडते.

"आन् उलटा निरोप नाई आला तर?"

"तर भोंगा वाजन, मामी. आन् मी जाईन, अजून कोण?"

शनिवारी कोठी भरली. पडद्यावर आलं: थांबला.

"कम्प्युटर तो कुछ भी बोलेगा. जाके देख," शेट म्हणाले.

भूमेश्वरी खुर्चीतून हललीच नाई. "शेट, तुमी जा. माहे पाय नाई उठून राहिले."

मी सुई तशीच धरून बसली. आता नोकरी जाते का काय! पण शेट गेले, पोट सावरत. घाम पुसत आले. "बंद है."

दुसऱ्यांदाही गेले. तिसऱ्यांदा अर्ध्यातून फिरले. चौथ्यांदा 'थांबला' आलं तवा पंख्याखालून नुसती मान डोलावली.

भूमेश्वरीनं चपला काढल्या, पाय माह्या पुढच्या पोत्यावर टेकवले आन् डोळे मिटले. त्या पोत्याले टाके माराचे होते. राहू देले.