पांढऱ्या डब्यातलं नेट

राउटर बसवायला पाऊण तास लागतो, पण ज्या घरात बसवला त्या घरातून निघायला दोन तास! आधी चहा होतो, मग पोहे होतात, आणि मग घरातलं कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, तुमी एवढी घरं हिंडता, काय काय बघत आसाल!" की मी सुरू. बरं, एक किस्सा सांगून होईपर्यंत त्याच घरात पुढचा घडलेला असतो. लिहून कुठवर ठेवणार? म्हणून जसे आठवतील तसे सांगते.

माझं सोनईत मोबाईलचं दुकान आहे. गावात केबल खेचून नेट आलं, पण वस्त्यांवर कोण वायर नेणार? तिथं आम्ही सिमवाला राउटर बसवतो. पांढरा डबा असतो, वहीएवढा. त्यात सिम टाकायचं, प्लगला लावायचं, की टॉवरची रेंज पकडून तो घरभर वायफाय देतो. फार लांबची वस्ती असेल तर गच्चीवर अँटेना. कामाला आम्ही दोघं. मी आणि भाऊसाहेब. भाऊसाहेबांची वीस वर्षं केबल टीव्हीत गेली. त्यामुळं आजही अँटेना फिरवताना ते वरून ओरडतात, "चित्र आलं का?"

पहिल्या पहिल्यांदा लोकांना बाईनं राउटर बसवणं पटायचंच नाही. एका वस्तीवर मी बॅग उघडून बसले, सेटिंग करायला घेतलं, तर म्हातारेबाबा भाऊसाहेबांकडं बघत राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "ही बाई सगळं करती, मग तुमी कशाला आलाय?"

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "शिडी माझी हाय."

*

सोनईजवळच्याच एका वस्तीवरून आठच दिवसांत तक्रार. "ताई, नेट बंद पडलं. रेंजची एक काडी बी दिसंना."

मी फोनवर विचारलं, "दिवे कोणते लागलेत राउटरवर?"

"दिवे कसं दिसतील?"

म्हटलं, लाईट नसेल. तर लाईट होती. वायर निघाली असेल. नाही, तीही बरोबर होती. शेवटी आम्ही दोघं गाडी काढून गेलो. खिडकीत जिथं मी राउटर ठेवला होता, तिथं आता लोणच्याची बरणी! आणि खिडकीखालून एक एक्स्टेन्शनची वायर निघून सरळ लोखंडी कपाटात शिरलेली. कपाटाला कुलूप.

"राउटर आत आहे?"

"व्हय. कुलूप लावलंय. किल्ली माझ्या कमरंला," घरच्या काकू म्हणाल्या.

"अहो काकू, पण का?"

"का म्हंजे? सगळी आळी नेट मागायला येती! म्हटलं, आता बघू कोन नेतंय!"

मी समजावून सांगितलं की लोखंडातून रेंज आत जात नाही, आणि नेट चोरायला कुणी डबा नेत नाही, पासवर्ड नेतात. काकूंनी नीट ऐकून घेतलं. राउटर परत खिडकीत आला. आम्ही निघालो तेव्हा त्या पासवर्डची चिठ्ठी कपाटात ठेवून कुलूप लावत होत्या.

*

पासवर्डवरून आठवलं. एक रिटायर्ड गुरुजी आहेत, भारी शिस्तीचे. मी विचारलं, "सर, पासवर्ड काय ठेवू?"

त्यांच्या बाई आत स्वयंपाकघरात होत्या. सरांनी आवाज खाली आणून, जरासं लाजून सांगितलं, "आमच्या मिसेसची जन्मतारीख टाका. त्यांनाही आवडेल." आणि तारीख सांगितली. मला फार कौतुक वाटलं. भाऊसाहेबांना तर इतकं वाटलं, की घरी जाऊन बायकोची तारीख विचारतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर तालुक्याला गेलेले आणि बाईंचा दुकानात फोन. "अगं, मोबाईल बदलला, वायफाय लागेना. पासवर्ड काय हाय?"

म्हटलं, "सांगू का? तुमचीच जन्मतारीख!"

बाई खूश. "अगंबाई! व्हय?" टाकली. लागेना. परत टाकली. लागेना. मीच मग सरांनी सांगितलेली तारीख वाचून दाखवली. वायफाय लागलं. बाईंनी तारीख परत एकदा वाचायला लावली.

मग म्हणाल्या, "ही तारीख माझ्या नणंदेची हाय."

संध्याकाळी सरांचा फोन. "ताई, पासवर्ड बदलायचाय. तारीख ह्या खेपेला त्याच सांगतील."

*

उसातल्या घराचा किस्सा तर सगळ्या सोनईला माहीत आहे. रावसाहेबांचं घर चारी बाजूंनी शेतात. आम्ही गेलो तेव्हा ऊस तुटून गेलेला, रान मोकळं, ओट्यावर बसून टॉवर दिसायचा. नेट असं पळायला लागलं, की रावसाहेबांनी मला साडीच नेसवली!

पुढं ऊस वाढायला लागला. गुडघ्याएवढा होता तोवर ठीक. डोक्याच्या वर गेला, आणि नेट रांगायला लागलं. दहा-बारा फुटांचा झाला, तेव्हा रावसाहेब दुकानात आले. "ताई, औषध सांगा."

म्हटलं, "एकतर अँटेना उंच न्यावी लागेल, नाहीतर ऊस तुटावा लागेल."

अँटेनासाठी उंच पाईप मिळेपर्यंत चार दिवस जाणार होते. रावसाहेबांना तेवढा दम कुठला! ते थेट साखर कारखान्याच्या गटऑफिसात, जिथं तोडीची पाळी ठरते. तिथल्या साहेबांनी मला नंतर सांगितलं. रावसाहेब म्हणाले, "साहेब, माझ्या उसाला तोड लवकर द्या."

"का हो? पाणी कमी पडतंय का?"

"न्हाई."

"लोळला का ऊस?"

"न्हाई न्हाई, उभा हाय. त्योच तर तरास हाय! नातवाची परीक्षा ऑनलाईन हाय, अन् ऊस मधी येतोय."

साहेबांनी अर्ज लिहून द्यायला सांगितलं. रावसाहेबांनी खरंच दिला. 'तोडीचे कारण' ह्या रकान्यात लिहिलं होतं: रेंज.

*

ह्या राउटरमधल्या सिमला नंबर असतो. आम्ही तो डब्यावर चिकटवून देतो, रिचार्जसाठी. आता एका घरात मुलीचं लग्न निघालं. पत्रिका छापायला टाकायची म्हणून आजोबांनी थोरल्या सुनेला विचारलं, "आपला घरचा नंबर कोनता?" तिनं कामाच्या गडबडीत बोट दाखवलं, "तिथं लिहिलाय बघा."

आजोबांनी डब्यावरचा नंबर उतरवून घेतला. पत्रिका छापून आल्या, वाटूनही झाल्या. खाली ठळक अक्षरात, संपर्क: राउटर!

पाहुणे फोन करतायत. कुणी पत्ता विचारायला, कुणी गाडी मागायला. उचलतंय कोण? राउटर बिचारा आपल्या जागी हिरवा दिवा लावून बसलेला. मुलीचे मामा तर लग्नाच्या मांडवात आले ते फुगूनच. "आठ दिवस फोन करतोय! तुमच्या घरात फोन घेतं तरी कोण?"

तोवर सगळ्यांना घोटाळा कळलेला होता. आजोबांनी मामांचा हात धरला, घरात नेलं, फळीवरचा पांढरा डबा दाखवला आणि म्हणाले, "ह्यो घेतो. आता राग काडायचा तर ह्याच्यावर काडा."

*

माझं माहेर जामखेडकडं. तिथं चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या घरी मीच राउटर लावून दिला, कारण त्याची मुलगी अश्विनी नोकरीसाठी खटपट करत होती. कॉम्प्युटरचं शिकलेली, हुशार. पण घर रानात. तीनदा इंटरव्ह्यू झाले आणि तीनदा मधेच नेट गेलं. चौथा आला तो पुण्याच्या मोठ्या कंपनीचा. सकाळी अकराला.

साडेदहाला तिचा फोन. रडतच होती. "आत्या, लाईट गेली! डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळालाय म्हणतात. आज न्हाई येणार!"

लॅपटॉपला बॅटरी होती. पण राउटरला? मी म्हटलं, "रडू नको. राउटरच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय वाच." तिनं वाचलं. बारा व्होल्ट. "दादाचा ट्रॅक्टर कुठंय? त्याची बॅटरीही बाराचीच असते!"

दादानं ट्रॅक्टर खिडकीला भिडवला. मी फोनवर सांगतेय, तो करतोय. अडॅप्टरची वायर तोडली, टोकं सोलली. पांढरी रेघ आहे ती प्लसला. उलटं झालं तर राउटर गेला, राउटर गेला तर इंटरव्ह्यू गेला! दादानं रेघ कुठली ते तीनदा विचारून घेतलं. लावलं. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. अश्विनी ओरडली, "आत्या, निळा दिवा!"

बॅटरी जुनी, म्हणून ट्रॅक्टर चालूच ठेवावा लागला. आणि वायर बांधायला वेळ नव्हता, म्हणून दादा दोन्ही हातांनी दोन टोकं बॅटरीवर धरून उभा.

इंटरव्ह्यू छान चालला. शेवटी कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "मघापासून कसला आवाज येतोय?"

अश्विनी म्हणाली, "सर, पॉवर बॅकअप आहे."

"दाखवा की!"

तिनं लॅपटॉप खिडकीकडं फिरवला. साहेबांना ट्रॅक्टर दिसला. ट्रॅक्टरशेजारी घामानं निथळणारा माझा भाऊ दिसला. ते म्हणाले, "नमस्कार!"

आता मोठा साहेब नमस्कार करतोय म्हटल्यावर माणूस काय करणार? दादानं दोन्ही हात जोडले.

नेट गेलं!

तिकडं पुण्यात, साहेबांच्या स्क्रीनवर, हात जोडलेला दादा तसाच थिजून राहिला. पाच मिनिटांनी पुन्हा जोडणी झाली, तेव्हा साहेब पहिलं वाक्य बोलले, "वडिलांना सांगा, आता हात जोडू नका. तुमचं काम झालंय."

*

आणि हा कोल्हारचा.

कोल्हारला लताबाई आणि त्यांचे मिस्टर, दोघंही शिवणकाम करतात. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. सगळं बोलणं हातांनी. एकच मुलगी, प्रिया. तिलाही ऐकू येत नाही. ती पुण्यात शिकायला. आम्हाला बोलावलं ते लताबाईंच्या जाऊबाईंनी, संगीतानं. त्या ऐकतात, बोलतात, आणि त्यांना हातांची भाषाही येते.

संगीता म्हणाल्या, "आपलं काय, चित्र अडकलं तरी आवाजावर भागतं. ह्यांचं चित्र अडकलं की बोलनंच अडकतं. हात अर्ध्यात थांबला, तर पोरगी काय म्हणाली ते कळायचं कसं?" मोबाईलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथं उभं राहिलं की मागून उजेड, म्हणजे लताबाईंचे हात प्रियाला काळे दिसणार. आणि प्रिया इकडं नुसती चौकोनी ठिपक्यांत.

भाऊसाहेब गच्चीवर चढले. इतर वेळी दोनदा अँटेना फिरवून खाली येणारा माणूस, त्या दिवशी उन्हात तासभर वर होता. शेवटी रेंज पूर्ण आली. लताबाई मशीनसमोर बसल्या, तोंडावर उजेड पडेल अशा. मी प्रियाला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि सवयीनं बोलून गेले, "हॅलो, आवाज येतोय का?"

जीभच चावली. लताबाईंनी माझे ओठ वाचले होते. त्यांनी मान हलवून 'नाही' म्हटलं आणि पोट धरून हसल्या.

कॉल लागला. प्रिया आली. चित्र आरशासारखं स्वच्छ. लताबाईंचे हात भराभर चालायला लागले, आणि मधेच थांबले. मला वाटलं, नेट अडकलं. पण त्या पुढं वाकल्या, फोन डोळ्यांजवळ नेला. मग स्वतःची वेणी पुढं ओढून दाखवली. मग जे हात सुटले!

मी संगीताकडं बघितलं. "काय झालं?"

"केस! पोरीनं केस कापलेत, पार मानेपतूर. महिना झाला म्हनं! ठिपक्यांत कळलंच न्हाई इतके दिवस!"

तेवढ्यात गच्चीवरून भाऊसाहेब, "ताई, चित्र आलं का?"

मी म्हटलं, "जरा जास्तच आलं!"

लताबाईंनी शेवटचं काहीतरी सुनावलं आणि फोन मशीनवर पालथा घातला.

"संपलं," संगीता कुजबुजल्या. "फोन पालथा घातला की आता कुनाचं ऐकायचं न्हाई."

मिस्टर खाली मान घालून बटणांची काजं करत राहिले. मी बॅग भरली. लताबाई हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांचा एक हात हळूच सुटला, मशीनवरून पुढं सरकला, आणि एका बोटानं त्यांनी फोनची कड जराशी उचलली.

प्रिया अजून तिथंच होती. दोन्ही हातांनी कान धरून.