एरंडेलावर चाललेली मोपेड

सकाळी नितीनचा फोन आला तेव्हा मी गिरणीतून दळण घेऊन नुकतीच घरात शिरले होते. "आत्या, आई गेली..." एवढंच तो बोलला. पुष्पावहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको, वर्षभर अंथरुणाला होत्या. त्यामुळे बातमी अनपेक्षित म्हणता येणार नाही. तरी दळणाचा डबा हातात धरून मी बराच वेळ तशीच उभी राहिले. आता पाच-सहा आठवडे झाले. धुळ्याला देवपुरातल्या त्यांच्या घरी दिवसकार्य झालं, माणसं आली-गेली. त्यांच्याविषयी लिहायला बसले, तर डोळ्यांसमोर त्यांचं आजारपण येत नाही. येते ती कमरेला पदर खोचून मोपेडला पायडल मारणारी शिरपूरची नर्सबाई.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी भडगावहून कॉलेजसाठी शिरपूरला दादा-वहिनींकडे राहायला आले. दादा शाळेत कारकून, वहिनी सरकारी नर्स. सातपुड्याच्या पायथ्याची गावं आणि पाडे त्यांच्याकडे होते. एसटी दिवसातून एकदा जाणार, तीही पावसाळ्यात बेभरवशाची. म्हणून त्यांनी मोपेड घेतली. त्या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नसे, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागे. कमी पडलं तर इंजिन तापून जाम होणार, जास्त झालं तर नुसता धूर. वहिनी हे काम कुणावर सोपवत नसत. आधी टाकीच्या झाकणाच्या मापानं ऑइल ओतायचं, मग पेट्रोल, मग हँडल धरून गाडी डावी-उजवी हलवायची, म्हणजे दोन्ही नीट एकजीव व्हायचं. औषधाची बाटली हलवावी तशी त्या गाडी हलवायच्या. पंपावरची पुरुषमंडळी बघत राहायची. वहिनींचं तिकडे लक्षही नसे.

दादांचा सल्ला वेगळा होता. "पेट्रोल वाचवायला सगळे थोडं घासलेट मिसळतात. चालते की गाडी."

"चालते," वहिनी म्हणाल्या, "पण पाड्यावरून येताना बंद पडली तर तुम्ही येणार का ढकलायला?"

दादा हसले आणि वर्तमानपत्रात शिरले. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

एका सुटीच्या दिवशी वहिनींबरोबर मीही फिरतीवर गेले. कापूस वेचणीचे दिवस होते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं पांढरी झाली होती. शेवटच्या पाड्यावर पोचलो तर एक म्हातारी धावतच समोर आली. तिची सून, बायजी, सकाळी बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, ती टाहो फोडत होती. पण बायजीचं रक्त थांबत नव्हतं. वहिनींनी आत जाऊन बघितलं, इंजेक्शन दिलं, सुईणीला पोट कसं चोळत राहायचं ते दाखवलं. रक्त कमी झालं... थांबलं मात्र नाही. तिला जीपमधून शिरपूरच्या दवाखान्यात हलवायला हवं होतं. जीप आरोग्य केंद्रावर, आणि तिथं बैलगाडीनं पोचायला संध्याकाळ झाली असती. कुणाच्या हाती चिठ्ठी पाठवावी, तर चिठ्ठीवर जीप सुटत नाही हा वहिनींचा अनुभव. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे पेशंटला सोडून त्यांनाच जावं लागणार होतं.

निघायच्या आधी टाकी भरायला त्यांनी पिशवी उघडली आणि जागच्या जागी थबकल्या. पेट्रोलचा कॅन शाबूत होता, पण ऑइलची बाटली खडकाळ रस्त्यानं तडकली होती. सगळं ऑइल कापसाच्या गुंडाळ्यांनी पिऊन टाकलं होतं. टाकीत तर तळाशीच काय ते उरलेलं.

"घासलेट शे ना बाई," म्हातारी म्हणाली.

"घासलेटानं नाही भागायचं आजी. तेल शे का? कोणतं बी."

"शे ना. भुईमूगनं शे, एरंडीनं शे."

वहिनींनी फुटकी बाटली पिशवीतून काढून टाकली. मग म्हणाल्या, "एरंडीचं आणा."

मी त्यांचा हात धरला. "वहिनी, एरंडेल? गाडीत?"

"माहेरी आमच्या आबांच्या बैलगाडीच्या आसाला हेच वंगण असायचं," त्या म्हणाल्या. "आस कधी करकरला नाही. भुईमुगाचं तेल तापलं की पातळ होतं, हे चिकटून राहतं. पुढचं मला माहीत नाही, कुंदा."

त्यांनी एरंडेल जरा ऊन करून घेतलं. बाहेर, चुलीपासून लांब, कॅनमध्ये घालून कितीतरी वेळ हलवलं. गाडी चालू झाली तेव्हा पांढरा धूर आणि एक विचित्र वास अंगणभर पसरला. "तिच्याशी बोलत राहा, झोपू देऊ नको," एवढं मला सांगून त्या गेल्या.

मी बायजीच्या उशाशी बसले. ती माझ्याच वयाची असेल. तिची बोली मला अर्धीच कळत होती, तरी मी कॉलेजचं, भडगावचं, गिरणा नदीच्या पुराचं, सुचेल ते बोलत राहिले. सुईणीचे हात थांबले नाहीत. वहिनींना एवढा वेळ का लागतोय, हेच मला कळेना. गाडी वाटेत बंद पडली असेल का... ते मनातसुद्धा पुरतं म्हणवत नव्हतं. शेवटी जीपचा आवाज आला. पुढच्या सीटवरून वहिनी उतरल्या, माझ्याकडे न बघता थेट आत गेल्या.

बायजी वाचली. आठवड्याभरानं मेकॅनिकनं मोपेडचं इंजिन उघडलं आणि कपाळाला हात लावला. "सिस्टर, आत गोंद झालाय! काय पाजलं हिला?" "बाळंतिणीचं औषध," वहिनी म्हणाल्या आणि खदखदून हसल्या.

पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट घरात हसण्यावारीच सांगितली गेली. गेल्या दिवाळीत मात्र, आमच्या शेवटच्या भेटीत, त्यांनी आपण होऊन विषय काढला.

"तुला ठाऊक आहे, त्या दिवशी मी वाटेत तीनदा थांबले होते?"

"थांबला होतात? कशाला?"

"इंजिन फार तापायचं. तसंच दामटलं असतं तर जाम झालं असतं, आणि मग सगळंच संपलं. म्हणून झाडाखाली थांबायचे. इंजिनावर हात ठेवून बघायचे. हात टिकायला लागला की निघायचे." त्यांनी आपला तळहात बघितला. "तिकडे ती बाई रक्तात पडलेली, आणि मी इकडे पळसाखाली बसलेली. रडून घेतलं तिथं, बघायला कोणी नव्हतं. ती जगली म्हणून एरंडेल बरोबर ठरलं, कुंदा. ती गेली असती, तर मी आयुष्यभर त्या झाडाखालीच बसून राहिले असते..."

मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

दिवसकार्य आटोपल्यावर निघताना मी मागच्या पडवीत डोकावले. मोपेड तिथं पोत्याखाली उभी आहे, चाकांत हवा नाही. नितीन म्हणाला, भंगारवाला विचारून गेलाय. मी पोतं बाजूला केलं, शेजारच्या पाटावर बसले आणि इंजिनावर हात ठेवला. बाहेरून त्याची हाक आली, "आत्या, रिक्षा आलीय. निघायचं ना?"

"थांबू दे जरा," मी म्हटलं.