नखाएवढी जागा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी गल्ली 'सावकाश' म्हणते. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक जरा हललं की हा म्हणणार, "सावकाश, सावकाश." दुसरीकडे दाढी होऊन माणूस घरी पोचतो, तेवढ्या वेळात याचा नुसता फेस होतो. मी त्याची थोरली मेव्हणी. पोस्टात पत्रं निवडण्यात माझा जन्म गेला, हात भरभर चालवायची सवय, त्यामुळे या माणसाचा मला पहिल्यापासून वैताग. त्यात मी लग्न केलं नाही आणि राहते त्यांच्या समोरच्याच दारात. बहिणीच्या संसारात नाक खुपसायला वेळच वेळ.

खाली रस्त्याला लागून त्याचं सलून, वर दोन खोल्यांत बिऱ्हाड. पण एक कबूल करते, हातात कला होती. विशेषतः लपवायची. कोणाच्या टाळूवरचे केस विरळ झाले, कोणाला जुन्या खोकेची खूण आहे, की माणूस याच्याकडे यायचा. हा इकडचे केस लांब ठेवणार, तिकडचे दाते असलेल्या कात्रीने हलके करणार, आणि टक्कल गायब! एका हेडमास्तरांचं टक्कल त्याने कितीतरी वर्षं त्यांच्या बायकोपासून लपवलं होतं म्हणे. ही गोष्ट तो फार अभिमानाने सांगायचा आणि आम्ही दोघी बहिणी पोट धरून हसायचो.

मग धाकटीच्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. उशीवर केसांचे झुपके यायला लागले तेव्हा तिनेच सांगितलं, "अहो, एकदाचे काढून टाका. हे रोजचं गळणं मला बघवत नाही." सलूनचं शटर अर्धं ओढून त्याने तिला खुर्चीत बसवलं. तिचे केस चांगले कमरेपर्यंत होते. त्याने मशीन लावलं आणि एका दमात सगळे उतरवले. ती मात्र मला म्हणाली, "बघ, आयुष्यात पहिल्यांदा यांनी काम झटपट उरकलं." मी हसले आणि घरी येऊन ढसाढसा रडले.

पुढचे महिने कसे गेले ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की ती दात घासायलासुद्धा बेसिनच्या आरशाकडे पाठ करून उभी राहायची. ओकाऱ्या तिने सोसल्या, सुया सोसल्या, पण आरसा नको म्हणायची.

केमो संपली आणि काही दिवसांनी डोक्यावर लव आली. अगदी कोवळी, हाताला लागेल न लागेल अशी. सावकाश रोज सकाळी चहा द्यायच्या आधी तिच्या डोक्यावरून बोटं फिरवायचा. "आले गं, इथेही आले." जणू यानेच पेरले होते. हळूहळू केस वाढले, आणि काय सांगू, कुरळे आले! आमच्या अख्ख्या घराण्यात कोणाचे कुरळे नाहीत. वर रंग करडा. धाकटी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "ही कोण बाई घरात घुसली?" पण उभी राहिली, हे महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी तिने केसांना लावायची पिन आणली. पिनेत धरायला केस पुरत नव्हते, तरी आणली.

तुम्हाला वाटेल, संपलं दुखणं. तसं नसतं. तिला शिंक आली तरी मी हातातलं काम टाकून धावायची. पाठ दुखली म्हणाली की मी रात्रभर तळमळायची. तपासणीची तारीख जवळ आली की घरात कोणी धड जेवत नसे. त्या सगळ्यात धीर देणारी गोष्ट एकच, तिचे केस. केस वाढताहेत म्हणजे आत सगळं ठीक आहे, अशी आमची आपली समजूत. डॉक्टरांनी असं कधी म्हटलं नव्हतं हो. पण माणसाला धरायला काहीतरी लागतं.

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी सावकाश तिला खुर्चीत बसवून केस नीट करून द्यायचा. मी बाकावर बसून जुनी मासिकं चाळायची आणि दोघांना टोमणे मारायची. केस कापून झाले की तो मागे छोटा आरसा धरायचा, पाठीमागचं दाखवायला. गिऱ्हाइकाला तो डावीकडून दाखवतो, मधून दाखवतो, उजवीकडून दाखवतो, आणि माणूस कंटाळून "बस, बस" म्हणेपर्यंत आरसा खाली घेत नाही. एकदा धाकटीला मात्र त्याने फक्त डावीकडून दाखवलं आणि आरसा फळीवर ठेवून दिला.

मला ते खटकलं. पण वाटलं, घरच्या बायकोला कोण तिन्ही बाजू दाखवत बसतं!

नंतरच्या सुट्ट्यांनाही तेच. शिवाय बाजूचे केस बारीक आणि मधले मात्र लांब, मागे वळवलेले. शेवटी एका सुट्टीला मी म्हटलं, "अहो सावकाशराव, हे काय कोंबड्याच्या तुऱ्यासारखं?"

"सध्या अशीच पद्धत आहे, ताई," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

उकडत होतं म्हणून मी उठून कोपऱ्यातला उभा पंखा लावला. पंख्याचं तोंड फिरलं, धाकटीचे मधले केस उडाले आणि मला ती जागा दिसली. उजव्या बाजूला, भोवऱ्याच्या खाली. अंगठ्याच्या नखाएवढी. एक केस नाही. कातडी लालसर, किंचित वर आलेली.

सावकाशने माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे येऊन पंखा बंद केला.

"का हो बंद केलात?" धाकटीने विचारलं.

"केस उडतात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सलूनमध्ये घुसले. खुर्चीत कोपऱ्यावरचा किराणावाला, अर्ध्या गालाला फेस. मी म्हटलं, "भाऊ, जरा बाहेर उभे राहा."

"असाच?" तो म्हणाला.

"असेच. सुंदर दिसताय."

बिचारा गळ्यातलं कापड सावरत फुटपाथवर जाऊन उभा राहिला.

"कधीपासून आहे ते?" मी विचारलं.

सावकाश वस्तरा पुसत राहिला. "दोनेक महिने झाले असतील."

"चाई आहे का, केस जाऊन चकती पडते ती?"

"चाई मला कळते, ताई. चाई गुळगुळीत असते. ही जागा हाताला वेगळी लागते. कडक." त्याने वस्तरा खाली ठेवला. "चाई असती तर लपवली असती का मी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मधे एक तपासणी होऊन गेली होती. मी स्वतः बरोबर होते. डॉक्टरांनी छाती तपासली, काख तपासली, आणि केसांकडे बघून कौतुकाने म्हणाल्या होत्या, "किती छान आलेत! कोण कापतं?" हा कोपऱ्यात उभा राहून लाजला होता. लाजला होता मेला!

"अहो, ती डॉक्टर काय बघणार? तुम्ही वर छप्पर घालून ठेवलंय! हेडमास्तरांचं टक्कल आहे का ते? तुम्हाला भीती वाटत होती ना, की ते परत आलंय? मग कोणापासून लपवताय? तिच्यापासून, की त्या आजारापासून?"

"ती आत्ता कुठे आरशात बघायला लागलीय," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "मला वाटायचं, उद्या येतील तिथे केस. रोज सकाळी बघतो ताई, रोज वाटतं आज येतील."

मला त्याला दोन थोबाडीत द्याव्या असंही वाटत होतं आणि जवळ घ्यावं असंही. दोन्हीपैकी काही केलं नाही. "उद्या दवाखान्यात जायचं. तिला तुम्ही सांगणार, मी नाही," एवढं बोलून बाहेर पडले. किराणावाल्याच्या गालावरचा फेस वाळून गेला होता.

त्याने तिला सांगितलं नाही. डोक्याला तेल चालेल का ते विचारून येऊ, असं काहीतरी सांगून घेऊन आला. वाटेत ती मजेत होती. या वर्षी केस कानामागे जातील का, यावर आम्हा दोघांशी पैज लावत होती.

डॉक्टरांनी केस बाजूला केले. बोटाने दाबून बघितलं. त्यांचा चेहरा तोच राहिला, पण बोलणं थांबलं, आणि आम्हा दवाखान्यात मुरलेल्या माणसांना तेवढं पुरतं.

"हे कधीपासून आहे?"

"काय कधीपासून?" धाकटी हसत म्हणाली. "काही झालंय का मागे?"

मी सावकाशकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"दोन महिने," तो म्हणाला. "जास्तच. मी झाकत होतो."

धाकटीने मान वळवली. डॉक्टरांचा हात अजून तिच्या डोक्यावर होता, तरी वळवली. ती त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त बघितलं. गाठ निघाली त्या दिवशीसुद्धा मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा ठरला. आजूबाजूचे केस काढावे लागणार होते. सावकाश पुढे झाला, "मी काढू का?"

"नको," धाकटी म्हणाली. "सिस्टर काढतील."

रिपोर्ट यायचा होता ते दिवस! जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. फोन वाजला की मी हातातलं भांडं पाडायची. धाकटी भाजी आणायची, कपडे वाळत घालायची, सावकाशला जेवायला वाढायची. "मीठ कमी आहे का?" एवढंच त्याच्याशी बोलायची. तो म्हणायचा, "नाही, बरोबर आहे." भाजीत मीठ नव्हतंच एकदा, तरी म्हणाला. मला एकदा ती बाल्कनीत म्हणाली, "ताई, परत आलं असेल तर मी बघून घेईन. एकदा बघितलंय. पण दोन महिने माझ्या डोक्यावर काय आहे ते यांना माहीत होतं आणि मला नाही. मी त्यांच्यासमोर पिना लावत होते." आणि ती दोरीवरचे कपडे काढायला लागली.

रिपोर्ट आला. तो आजार नव्हता. केसांच्या मुळांना सूज येऊन गेली होती, तिथली कातडी कडक झाली होती. तेवढ्या जागेत केस बहुतेक येणार नाहीत, डॉक्टर म्हणाल्या, पण घाबरायचं कारण नाही. मी खुर्चीत बसले. सावकाशने हात जोडले. डॉक्टर त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "नव्हता, हे नशीब समजा. असता, तर दोन महिने फार असतात." तो मान हलवत राहिला.

मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. एवढं मोठं संकट टळलं, बायकोचं मन किती दिवस कडू राहणार?

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी त्याने शटर अर्धं ओढलं, खुर्ची पुसली आणि वाट बघत बसला. धाकटी माझ्याकडे आली. हातात स्वयंपाकघरातली कात्री, दुधाच्या पिशव्या कापायची.

"तू काप," ती म्हणाली.

"मी? अगं, मला रेघ सरळ मारता येत नाही!"

"नको सरळ. सगळे एकसारखे बारीक कर. ती जागा दिसली पाहिजे."

"अगं, तो खाली बसलाय."

"माहीत आहे मला."

मी कापले. जसे जमले तसे. एका कानावर जास्त गेले, मानेवर पायऱ्या पडल्या. मागची ती जागा उघडी, लालसर, कोणालाही लांबून दिसेल अशी. तिने हात फिरवून बघितलं आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघाली. मी पाठोपाठ गेले, कारण मला खाली काय होतंय याची धास्ती होती.

सलूनच्या दारात किराणावाला सावकाशशी गप्पा मारत उभा होता. धाकटी दोघांच्या पुढून गेली. किराणावाल्याने तिच्या पाठीमागून बघितलं आणि खो खो हसला. "अरे सावकाश, घरच्या माणसाच्या डोक्याची ही काय दशा! कापले कोणी?"

सावकाश तिच्या डोक्याकडे बघत राहिला, ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.

"माझ्या मेव्हणीने," तो म्हणाला. "चांगले कापलेत."