बाद होण्याचा अधिकार

काटेवाल्यांच्या दुकानाची खिडकी बारा महिने बंद असे. वारा आला की पारडे हलते आणि पारडे हलले की सत्य हलते, एवढेच साधे त्यामागचे कारण. किराणा दुकानांतले, दवाखान्यांतले, टपालकचेरीतले तराजू त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. पन्नास वर्षे ते एका उंच स्टुलावर बसून एकच कर्म करीत आले होते. दांडीची धार घासायची, गंज काढायचा. वजन हलके भरले तर त्याच्या तळाच्या भोकात शिशाचा कण ठोकायचा, जड भरले तर शिसे खरवडायचे. आणि मग श्वास रोखून काटा मध्यावर स्थिरावण्याची वाट पाहायची. त्या वाट पाहण्यात उपासनेचा काही अंश होता, हे त्यांना जवळून पाहणाऱ्या कोणालाही कळले असते. एकदा एका दुकानदाराने चहा पाजून गोड आवाजात विचारले होते, "काटेवाले, जरा आमच्या बाजूला झुकेल असं काही करता येईल का?" त्यांनी अर्धा कप खाली ठेवला आणि म्हटले, "खोटं बोलायला मी त्याला शिकवलेलं नाही. तुमच्याकडे धाडतोच आहे, तुम्ही शिकवा."

अशा या माणसाने आयुष्यात पाच वजने खोटी केली. ती त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी होती.

बहीण एकोणऐंशी वर्षांची. काटेवाले तिच्याहून आठ वर्षांनी धाकटे. मधली दोन भावंडे केव्हाच गेली होती. ताई आपल्या सुनेजवळ राहत असे, दुकानापासून तीन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. मुलगा कामानिमित्त परगावी असे. ताईची स्मृती हळूहळू विरत चालली होती. आधी नावे गेली, मग नाती. भाऊ दारात उभा राहिला की ती पदर सावरून अदबीने म्हणे, "या, बसा. आपण कोणाकडे आलात? सूनबाई, पाहुण्यांना पाणी दे." परका माणूस विसरला तर वाईट वाटत नाही, पण ज्या मुखाने आपल्याला पहिली हाक मारली त्याच मुखातून 'आपण कोण' ऐकणे जड जाते. काटेवाले पाणी पीत, थोडा वेळ बसत आणि उठून जात.

असे दीड वर्ष चालले. मग एका दुपारी त्यांच्या खिशात दुकानातली पाच लहान पितळी वजने राहून गेली होती. कडा झिजल्यामुळे ती बाद ठरलेली होती. बसताना टोचली म्हणून त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली. ताईची नजर त्यांवर खिळली. तिने ती ओढून घेतली, टेबलावर पसरली, एक उचलून वर उडवले, ते खाली येण्याआत दुसरे टिपले आणि दोन्ही मुठीत झेलली.

"बारक्या," ती म्हणाली, "तू नंतर. आधी माझा डाव."

लहानपणी अंगणात ही भावंडे पाच खडे घेऊन हाच खेळ तासन्‌तास खेळत. एक्कीत एकेक खडा उचलायचा, दुक्कीत दोन-दोन, तिक्कीत तीन, चौक्कीत चारही एकदम; झेल सुटला की बाद. बुद्धीने सोडून दिलेले हातांनी मुकाट सांभाळून ठेवले होते. आणि हातांनी तो खेळ काढला की त्याच्यामागून भाऊही येई. वजने टेबलावर असेपर्यंत ते 'बारक्या' असत. ती खिशात गेली की पुन्हा 'आपण'.

त्या दिवसापासून चार वाजता दुकानाला कुलूप लागू लागले.

काही महिन्यांनी ताईचे मनगट थकले. दुक्कीलाच झेल सुटू लागला. ती कपाळाला आठ्या घाली आणि वजने दूर सारून देई. पूर्वी तासभर चालणारा खेळ दहा मिनिटांत संपू लागला. काटेवाल्यांना भीती वाटली की एक दिवस ती वैतागून खेळच टाकील, आणि खेळ टाकला की त्यांनाही टाकील. एका सकाळी त्यांनी पाचही वजनांच्या पोटातले शिसे उकरून काढले, भोकांवर पत्र्याच्या टिकल्या बसवल्या आणि पॉलिश केले. दिसायला वजने तशीच, आतून पोकळ. हे करताना त्यांनी दुकानाचे दार आतून लावून घेतले होते.

शिवाय तिचा झेल सुटला तरी ते म्हणू लागले, "चालेल ताई, हा धरायचा नाही. पुन्हा टाक."

तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी ताईने एक वजन तळहातावर घेऊन नुसते खालीवर केले.

"हे कुणी केलं?"

"काय गं?"

"यात काही नाहीये. पोकळ आहे हे." तिने भावाकडे रोखून पाहिले. "आणि माझा झेल सुटला तरी तू बाद धरत नाहीस. मला कच्चं लिंबू केलंस होय रे?"

"तसं नाही ताई, तुझा हात दुखतो म्हणून..."

"हात माझा आहे. दुखू दे." तिने पाचही वजने त्यांच्याकडे ढकलली, पदर सावरला आणि म्हणाली, "आपण कोणाकडे आलात?"

पुढचे अकरा दिवस तिने वजनांना स्पर्श केला नाही. काटेवाले येत, वजने मांडत, पाणी पीत आणि जात. अखेर सून म्हणाली, "मामा, आता नकोसं झालं असेल त्यांना. कशाला रोज जिना चढता? गुडघे बघा तुमचे."

"जिन्याचं काही नाही गं," ते म्हणाले. पण घरी जाताना त्यांना अंगण आठवले. कच्चे लिंबू म्हणजे सर्वांत धाकटा भिडू. त्याला खेळात घेतात, पण त्याची चूक मोजत नाहीत आणि त्याचा विजयही मोजत नाहीत. सहाव्या वर्षापर्यंत ते स्वतः कच्चे लिंबू होते. तो नियम ताईनेच केलेला: "बारक्याचा डाव धरायचा नाही." आणि एके दिवशी ते भोकाड पसरून अडून बसले होते की माझा डाव धरा.

"धरला तर बाद होशील हं," ताईने बजावले होते.

"होईन!"

दुसऱ्या दिवशी ते पहिल्याच झेलाला बाद झाले आणि घरभर, मग शेजारीपाजारी, सांगत सुटले, "मी बाद झालो! मी बाद झालो!" आईला वाटले, पोराला वेड लागले. एकट्या ताईला त्यातला सन्मान कळला होता. क्रीडेत वडीलधारा एकच असतो, तो म्हणजे नियम. आणि ज्याला तो नियम लागू होतो तोच खरा भिडू. एवढे ज्याने पासष्ट वर्षांपूर्वी रडून मिळवले, त्यानेच ते ताईच्या हातून काढून घेतले होते.

सकाळी त्यांनी टिकल्या काढल्या, शिसे वितळवून पाचही वजने पुन्हा भरली आणि प्रमाण वजनाशी एकेक ताडून पाहिली. चौथे वजन तीनदा खरवडावे लागले. या वेळी दार उघडे होते, खिडकी मात्र नेहमीसारखी बंद.

चार वाजता त्यांनी ती टेबलावर ठेवली. ताई भिंतीकडे पाहत होती. बऱ्याच वेळाने तिचा हात सरकत आला. एक वजन तिने तळहातावर तोलले, दुसरेही तोलले. मग पाचही पसरली. एक्की सुखरूप पार पडली. दुक्कीला झेल सुटला आणि वजन टेबलावर आपटून खाली घरंगळले.

स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली, "असू दे हो आई, परत..."

काटेवाल्यांनी हात वर करून तिला थांबवले. वाकून वजन उचलले, जागेवर ठेवले. पारडी स्थिर होईपर्यंत थांबावे तसे क्षणभर थांबले.

"बाद," ते म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे पाहिले.

"मग तोंड एवढंसं करून काय सांगतोस, बारक्या? बाद तर बाद. घे, तुझा डाव."

त्यांनी वजन उडवले. पहिलाच झेल बोटांवरून निसटला.

"बाद!" ताईने टाळी वाजवली. ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली असावी.

सुनेने हळूच विचारले, "मामा, खरं सांगा, मुद्दाम ना?"

"नाही गं." त्यांनी उजवा हात तिच्यापुढे धरला. तो कापत होता. किती दिवसांपासून कापत होता हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. "बघ."

"गप्पा नंतर मारा," ताई वजने गोळा करीत म्हणाली. "माझा डाव आहे."