अजून दोन वर्षं आहेत

आईला स्तनाचा कर्करोग निघाला तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. माझ्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. "फार उशिरा आणलंत," असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते. पुढच्या वर्षी ती गेली.

बऱ्याच वर्षांनी मी नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं, की मी तपासणी कधीपासून करायची? त्या म्हणाल्या, "आईला ज्या वयात झाला, त्याच्या दहा वर्षं आधीपासून. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी मॅमोग्राफी करून घ्या."

मी चौतीस वर्षांची होते. "मग अजून दोन वर्षं आहेत," म्हणून आमच्या ह्यांनी निवांत वर्तमानपत्र उघडलं. मला मात्र त्या 'उशिरा'नं स्वस्थ बसू दिलं नाही. अंघोळीला गेले की हात आपोआप छातीकडे जायचा.

शेवटी मी देवळाली कॅम्पला मावशीकडे गेले. आई तिच्यापासून काही लपवत नसे. मावशी मेथी निवडत होती. मी सरळ विचारलं, "आईला गाठ पहिल्यांदा कधी लागली गं हाताला?"

"चहा टाकते," म्हणून ती उठली.

"चहा नको. सांग."

बाहेर लष्कराचा तोफांचा सराव चालला होता, खिडकीची तावदानं थरथरत होती. मावशी खाली बसली आणि निवडलेलीच मेथी परत निवडू लागली.

"तुला स्थळं बघायला लागलो, त्याच्याही आधी. दोन वर्षं अंगावर काढलं तिनं. मी म्हटलं, ताई, दाखवून ये. तर म्हणाली, आईला असला आजार आहे कळल्यावर पोरीला कोण करून घेईल? आधी तिला उजवते, मग बघू. मला शपथ घातली."

मला दोघींचाही भयंकर राग आला. लग्नात आई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन वावरत होती. "जावई आला म्हणून लगेच म्हातारी झालीस का?" असं मी तिला चिडवलं होतं. ती हसली होती.

मग एकदम लक्षात आलं. गाठ लागली तेव्हा आई चव्वेचाळीस वर्षांची होती. त्यातून दहा गेले की माझं आत्ताचं वय. ह्यांनी मोजलेली ती दोन वर्षं आईनं कधीच माझ्या लग्नासाठी देऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्स उचलली, तशी सासूबाईंनी विचारलं, "कुठे निघालीस गं?"

"भाजी आणायला," हे अगदी जिभेवर आलं होतं. माझी लेक दारात बसून शाळेचे बूट घालत होती. तिच्याकडे बघत मी मोठ्यानं म्हणाले, "छाती तपासायला. माझ्या आईला झाला तो आजार मला नाही ना, ते बघायला."

ह्यांचं वर्तमानपत्र खाली आलं. "अगं, हळू! पोरीसमोर कशाला?"

"पोरीसमोरच," मी म्हणाले. पायात चपला सरकवताना माझे पाय लटपटत होते, आणि तेही ती बघत होती.