दाराच्या आतला लाल थर

कापसाच्या त्या वाईट वर्षांत अमरावतीत पाहणीला येणाऱ्या साहेबांसाठी माझी भाड्याची गाडी लागली होती; चालवायचो मीच. त्यातले एक साहेब मागच्या सीटवर दिवसभर गुटखा चघळत. तिवशाकडच्या गावांत माणसं गाडीभोवती जमली, तरी ते उतरत नसत. बटन दाबून काच खाली घ्यायची, दोन प्रश्न विचारायचे, थुंकायचं आणि काच वर. एकदा पिंक एका बाईच्या पायाशी पडली. तिने नुसतं लुगडं आवरून घेतलं.

एके दिवशी ती काच अर्ध्यावर अडकली. गॅरेजमध्ये मिस्त्रीने दाराचं आतलं कव्हर काढलं आणि तो मागेच सरला. काचेवरून ओघळलेली थुंकी आत साचून लाल, चिकट थर झाला होता. काच उचलणाऱ्या रेग्युलेटरची तार त्यातच गंजून तुटली होती. आंबूस वास गॅरेजभर पसरला.

"भाऊ, नवीन रेग्युलेटर मी बसवून देतो," नाकाला रुमाल बांधत मिस्त्री म्हणाला, "पन हे तुमीच पुसा."

मी पुसलं. रॉकेलने हात धुतले, तरी घास तोंडापर्यंत नेववेना.

दुसऱ्या दिवशी गावात शिरण्याआधी मी माझ्या बाजूच्या बटनाने मागच्या काचा लॉक केल्या. साहेब बटन दाबत राहिले. "काच उघडत नाहीये!" भरल्या तोंडाने ते कसेबसे म्हणाले.

"उतरा न साहेब. लोकं उभेच आहेत."

ते उतरले. चारी बाजूंनी माणसं होती. गाल फुगवून ते थुंकायला जागा शोधत राहिले. मला त्यांची जराही कीव आली नाही.